आपल्याबद्दल आपणच लिहिताना

(सायवन, तालुका डहाणू इथे गावोगावच्या महिला गटांतल्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकीनं विचारलं होतं, "ताई, रोजची वही लिहा म्हणता, लिहितो आम्ही. पण चांगली वही म्हणजे कशी?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न आजच्यावर ठेवला. मधल्या काळात काहीजणींनी आपल्या वह्या मला विश्वासानं वाचायला दिल्या. आशा म्हणून काम करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या मदतनीस आहेत, आश्रमशाळेतून दहावी होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. त्या वह्या वाचून मला जे सुचलं ते बोलते. पटणार नाही तिथे मध्येच थांबवा.

आधी एक लक्षात घेऊ. या भागात कागद नवा नाही. तो फार पूर्वीपासून आहे, फक्त लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. सावकाराची चोपडी होती, जंगल खात्याचा कागद होता, पोलिसांचा पंचनामा होता. आपल्या आज्यांच्या-पणज्यांच्या बाजूनं त्यावर अंगठा तेवढा उठायचा. लग्नासाठी पैसे उचलले की तो गडी सावकाराचा 'लग्नगडी' व्हायचा, आणि जिच्याशी लग्न झालं ती बाईही त्याच्याबरोबर राबायला बांधली जायची. तिनं तर पैसे मागितलेही नव्हते! १९४५ च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात.

गोदूताई परुळेकरांनी ती सगळी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात 'मी' म्हणून बोलणारी बाई शहरात वाढलेली, कायदा शिकलेली आहे. आपण बाहेरून आलो आहोत हे ती विसरत नाही आणि आपल्यालाही विसरू देत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पण सावकाराच्या अंगणात राबलेल्या त्या लग्नगड्याच्या बायकोला लिहिता येत नव्हतं. तिच्या मनात काय चाललं होतं हे तिच्या तोंडून आपल्याला मिळालेलं नाही. तुमच्या वह्या मला महत्त्वाच्या वाटतात त्या यासाठी. ज्या बाईबद्दल नेहमी दुसऱ्यांनी लिहिलं, ती आता स्वतः लिहायला बसली आहे.

मी ज्या शिक्षणातून आले तिथेही लिहिण्याला फार महत्त्व होतं. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात दर आठवड्याला 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहावं लागतं. कुणाला भेटलो, ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो, त्यातून काय निष्पन्न झालं. पुढे कामाला लागल्यावर केस पेपर आले, प्रकल्पाचे अहवाल आले. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली भरायचा घटना-अहवाल आला. त्यात रकाने असतात: मारहाण, आर्थिक छळ, शाब्दिक छळ. रकाने हवेतच, कोर्टाला त्यांच्याशिवाय कळत नाही. पण रकान्यात बसण्यासाठी बाईला आपली गोष्ट कापून द्यावी लागते. "तो मारतो" हे रकान्यात बसतं. "तो मारायला उठला की आधी दार लावतो, म्हणून आता कुणीही दार लावलं की माझं पोट दुखतं," याला रकाना नाही. हे वाक्य तुमच्यापैकी एकीच्या वहीतलं आहे, तिला विचारून सांगते आहे. इतक्या वर्षांच्या माझ्या फायलींत असं एक वाक्य सापडायचं नाही.

तर चांगल्या वहीची माझी पहिली ओळख ही: ती कुणाच्या रकान्यासाठी लिहिलेली नसते.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. दिवाळी झाली की आपल्याकडची कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. हजार विटांमागे दर ठरतो, आणि मोजणी जोडीची होते. जोडी म्हणजे नवरा-बायको. पण हिशेबात नाव एकट्या नवऱ्याचं, उचल त्याच्या नावावर, आठवड्याच्या बाजाराची खर्ची त्याच्या हातात. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला तरी बाईच्या कामाचा वेगळा हिशेब अजून भट्टीवर होत नाही. आपल्या गटातली एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी भट्टीवर जाताना शंभर पानी वही घेऊन गेली. रोज किती विटा पाडल्या, किती खर्ची मिळाली, एवढंच ती लिहायची. पावसाच्या तोंडावर हिशेब झाला तेव्हा शेठच्या वहीत आणि तिच्या वहीत फरक निघाला, बोलाचाली झाली आणि हिशेब पुन्हा करावा लागला. ही गोष्ट आपण सगळ्या गटांत सांगतो आणि सांगायला हवी.

पण मला ती वही वाचताना दुसरंच काही दिसलं. पंधरा-वीस दिवस नुसते आकडे आहेत. मग एका दिवशी आकड्यापुढे लिहिलंय, "आज पोरगीला ताप, म्हणून कमी." चार दिवसांनी, "पहाटे उठले तर चिखल गोठल्यासारखा गार. हात बधिर." मग एकदा, "शेठाणीनं जुनं झंपर दिलं. मी घेतलं. घ्यायला नको होतं असं वाटलं." पुढे पुढे आकडा एका कडेला आणि बाकीचं पानभर. परत आल्यावर तिनं मला विचारलं, "हे मधलं मधलं खोडून टाकू का? हिशेबाची वही घाण झाली." मी म्हटलं, बाई, खोडू नको. हिशेबानं तुला तुझे पैसे मिळाले. हे मधलं मधलं आहे ते तुझं स्वतःचं आहे, त्यावर कुणाची मोजणी नाही.

त्या झंपरच्या वाक्याकडे बघा. शेठाणी दुष्ट आहे असं तिनं म्हटलेलं नाही. आपण गरीब, आपलं शोषण होतं, असंही म्हटलेलं नाही. घेतलं, आणि नको होतं असं वाटलं. एवढ्यात सगळं आलं. आता हीच मैत्रीण जेव्हा आपल्या मासिकासाठी लेख लिहायला बसली, तेव्हा तिनं लिहिलं, "वीटभट्टीवर स्त्रियांचे दुहेरी शोषण होते. त्यासाठी स्त्रियांनी संघटित झाले पाहिजे." हे खरं आहे. पण हे तिच्या आधी शंभरजणींनी लिहिलं आहे आणि तिच्याशिवायही लिहिता आलं असतं. गंमत अशी की ही भाषा तिला आपणच शिकवली. शिबिरात फळ्यावर आपणच लिहितो ना! म्हणून जुन्या कार्यकर्त्यांनाही मी विनंती करते की कुणी वही दाखवली तर लगेच विचारू नका, "यातून संदेश काय?"

बारीकसारीक लिहिण्याला लोक हलकं समजतात. विशेषतः बायकांनी लिहिलं की म्हणतात, चूल आणि मूल. मराठीत आपल्याआधी ज्या बायकांनी स्वतःबद्दल लिहिलं, त्यांच्याकडे पाहिलं तर नेमकं हेच त्यांचं बळ दिसतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. १९३४ पासून ती भागाभागानं पुस्तकरूपात आली. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या, लग्न अकराव्या वर्षी झालं. वडील असे सोवळेवेडे की बाजारातून आलेल्या वस्तू धुऊन घ्यायला लावायचे. नवरा मोठा कवी, मनानं उदार, पण अतिशय तापट आणि हातात पैसा न टिकणारा. १८९५ साली तो बायकोला मागे ठेवून ख्रिस्ती झाला आणि पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. दुसरी कुणी असती तर हे सगळं रडत सांगितलं असतं, किंवा नवऱ्याचं नुसतं कौतुक केलं असतं. लक्ष्मीबाई हसतात. वडिलांना हसतात, टिळकांना हसतात आणि स्वतःला सगळ्यांत जास्त हसतात. त्यांच्या हसण्यात त्रास लपत नाही, उलट स्पष्ट दिसतो. तुमच्या वह्यांत हसणं फार कमी आहे, हे मला खटकलं. विहिरीवर तुम्ही इतक्या खिदळता, मग वहीत शिरताना तोंड का पाडता? दुःख लिहिलं तरच ते खरं, असा समज कुठून आला कुणास ठाऊक.

आता दुसरी गोष्ट, 'मी' आणि 'आम्ही'. दोन पुस्तकांची नावं सांगते. रमाबाई रानडेंचं १९१० सालचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि बेबीताई कांबळेंचं १९८६ सालचं 'जिणं आमुचं'. दोन्ही नावांत 'आमचं' आहे, पण दोन्हींचा अर्थ किती वेगळा! रमाबाईंचं 'आमचं' म्हणजे त्या आणि न्यायमूर्ती रानडे. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्यानं शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्यापायी छळलं. हे सगळं त्या लिहितात, पण नवऱ्याच्या थोरवीच्या आडून. त्या काळात प्रतिष्ठित घरातल्या विधवेला आपलं आयुष्य सांगायला तोच एक आडोसा होता. मी त्यांना नावं ठेवत नाही.

बेबीताईंचं 'आमुचं' म्हणजे सगळा महारवाडा. फलटणला त्यांचं लहानसं किराणा दुकान होतं. सामान बांधायला रद्दी यायची, तिच्यातली वर्तमानपत्रं त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून लपवून ठेवायच्या. असं सुमारे वीस वर्षं! मॅक्सीन बर्नसन या फलटणला राहून काम करणाऱ्या बाईंना ते कळलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः यायला लागलं. त्यात सुनांचे हाल आहेत, भूक आहे, देवदेवस्की आहे, बाबासाहेबांच्या शब्दानं बदललेली माणसं आहेत. एक गोष्ट मात्र जवळजवळ नाही, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा संसार. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्याबरोबरच्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितलं की नवऱ्याचा मार त्यांनीही खाल्ला होता.

हे ऐकून आपल्यातली एक तरुण कार्यकर्ती मला म्हणाली, "मग ते लिहिणं अपुरं नाही का? खासगी तेच राजकीय, असं आपण म्हणतो ना?" म्हणतो. पण मला वाटतं, काय सांगायचं हे जसं बाईनं ठरवायचं, तसं काय ठेवून द्यायचं हेही तिनंच ठरवायचं. ज्या बाईला वही पिठाच्या डब्यामागे लपवावी लागते, तिला "सगळं उघड लिही" म्हणणं सोपं आहे, मार आपल्याला बसणार नसतो. तुमच्या वहीत एखादं पान कोरं राहिलं तर राहू द्या. खोटं मात्र लिहू नका. कोरं पान आणि खोटं पान यांत फरक आहे. "सासू मला मुलीसारखी वागवते" असं एका वहीत तीन ठिकाणी आलं, आणि लिहिणारीच मला हसत म्हणाली, "ताई, ते नवरा वाचतो म्हणून." मग ती वही तिची कशी राहिली? त्यापेक्षा सासूचं नावच घेऊ नको, असं मी तिला सुचवलं. आता ती कोंबड्यांबद्दल लिहिते, आणि फार सुरेख लिहिते.

भाषेचं थोडं बोलते. आश्रमशाळेत तुम्हाला शुद्ध मराठीची सवय लावली, घरी वारली बोलता. वही लिहायला बसलं की पेन आपोआप शाळेच्या भाषेकडे वळतं. "माझी आई स्वयंपाक करत होती." तुमची आई असं कधी बोलली आहे का? जिथे घरचा शब्द येतो तिथे घरचाच लिहा. शांताबाई कांबळेंनी आपल्या पुस्तकाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' ठेवलं. त्या स्वतः शिक्षिका होत्या, 'माझ्या जन्माची' असं लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. आणि आपण गटातल्या शिकलेल्या बायांनी लाल पेन घेऊन बसू नये. मासिकात छापताना एखादा शब्द बाहेरच्या वाचकाला कळणार नसेल, तर पुढच्या वाक्यात तो उलगडावा. पण मूळ शब्द पुसू नये.

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते आठवा. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एका दिवसात कितीतरी बसले, मोठा ४.१ चा. तेव्हा वर्तमानपत्रात आलं की "नागरिकांमध्ये घबराट." त्या दिवसांत एका मुलीनं लिहिलेली दोन पानं माझ्याकडे आहेत. त्यात घबराट हा शब्द नाही. भांडी वाजली की आधी कुत्री ओरडतात की आधी भांडी वाजतात, यावर घरात झालेलं भांडण आहे. थंडीत अंगणात झोपताना म्हातारीला मध्ये आणि पोरांना दोन्ही बाजूंना कसं घेतलं, ते आहे. आणि एक गोष्ट आहे जी कुठल्याच बातमीत आली नाही: उघड्यावर झोपायचं म्हणून वयात आलेल्या मुलींनी पाळीच्या दिवसांत काय करायचं, याची पंचाईत. तंबूचं वाटप करणाऱ्या कुणाच्याही यादीत हे नव्हतं. तिनं ते मागणी म्हणून लिहिलेलं नाही, झालं तसं लिहिलं. पण वाचल्यावर आपल्याला मागणी काय करायची ते कळलं.

आता जरा अवघड भाग. आपल्या गोष्टीत दुसऱ्यांच्या गोष्टी येतातच. बहीण येते, शेजारीण येते. एका वहीत पाड्यावरच्या एका बाईला भुताळी ठरवल्याची हकिकत आहे. भगतानं काय सांगितलं, कोण कोण तिच्या दारात गेलं, सगळं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशी हकिकत लिहिली गेली पाहिजे यात शंका नाही. पण ती छापायची म्हणता तेव्हा मी हात आखडते. नाव बदललं की झालं, असं आपण समजतो. शहरात चालत असेल. चाळीस घरांच्या पाड्यावर "दोन म्हशी असलेली विधवा" म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवील. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पाडा, शाळा, नातेवाईक, ज्यावरून ती ओळखू येईल ते सगळं यात आलं. सज्ञान बाईला स्वतः बोलायचं असेल तर ती बोलू शकते, लेखी परवानगीही देऊ शकते. तिच्या वतीनं आपण ठरवायचं नाही. मूल असेल तर पॉक्सो कायदा अधिकच कडक आहे.

कायद्याच्या पलीकडेही मी एक साधी कसोटी वापरते. जिच्याबद्दल लिहिलं तिच्या समोर बसून ते मोठ्यानं वाचता येईल का? येत असेल तर छापा. येत नसेल तर तुमच्या वहीत राहू द्या, वहीला घाई नसते. भुताळीची ती हकिकत अजून वहीतच आहे. त्या बाईनं ऐकली, रडली, आणि म्हणाली, "आत्ता नको. पोरीचं लग्न होऊ दे." आपण थांबलो आहोत.

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? इथे बसलेल्या निम्म्याजणी मला हेच विचारणार. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे सांगून लिहिलेलं पुस्तक आहे. त्या बोलल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, आणि १९७० साली पुस्तक झालं. नावातच 'सांगत्ये' आहे. तेव्हा सांगणं हेही लिहिणंच. आपल्याकडे तर कायद्यानंही ते मानलंय. वनहक्काच्या दाव्यात कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेऊन पुरावा म्हणून जोडता येतं. आजीला झाड, नाला, जुनं घर आठवतं, ते चालतं. तीच आजी स्वतःबद्दल बोलली तर ते का चालू नये? फक्त लिहून घेणारीनं एवढं पाळावं, की लिहिलेलं तिला तिच्या बोलीत वाचून दाखवायचं, ती "असं नव्हं" म्हणाली की बदलायचं, आणि एक प्रत तिच्या घरी ठेवायची. वाचता येत नाही म्हणून प्रत कशाला, असं कुणी म्हणू नये. सातबारा तरी किती जणांना वाचता येतो? पण पेटीत ठेवतातच ना.

प्रत घरी ठेवायची म्हटलं की लगेच प्रश्न येतो, घरात ती कुणाच्या हातात? यावर मला चौक आठवतो. लग्नात देवचौक लिहायचा तो सवाशिणींनी, धवलेरीच्या गाण्याबरोबर, तांदळाच्या पिठानं, कुडाच्या भिंतीवर. आपल्याकडे चौक 'लिहितात' असंच म्हणतात. पुढे १९७० नंतर कागद आला, बाजार आला, आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ते जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताची थोरवी कुणी नाकारू नये. पण कागदाबरोबर नाव लिहायची जागा आली आणि पैसा आला, तसे पुरुष पुढे झाले. भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? आता काही मुली वहीऐवजी मोबाइलमध्ये बोलून ठेवतात. सोय मोठी आहे, लिहिता न येणाऱ्यांना तर फारच. पण घरात मोबाइल एकच, आणि तो भावाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. रिचार्जही तोच करतो. म्हणून मी अजून वहीचा आग्रह धरते. वीस-तीस रुपयांत येते, आणि घरी नको असेल तर गटाच्या पेटीत ठेवता येते. त्या पेटीची किल्ली आपल्याकडे आहे.

रोज लिहिलंच पाहिजे का, असंही विचारलं होतं. भात लावणीच्या दिवसांत कोण लिहील? चिखलातून आल्यावर हातात पेन धरवत नाही. पण अगदीच सोडू नका. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी चार ओळी लिहा. आणि काही घडलं नाही त्या दिवसाचंही लिहा. "आज काही झालं नाही" असं लिहून खाली सकाळपासून काय काय केलं ते मांडलं, तर पान पुरत नाही. एकीनं हा प्रयोग केला. तिनं पहाटेपासून रात्रीपर्यंत हंडे किती आणले, एवढंच मोजलं. नवऱ्यानं ते पान वाचलं आणि म्हणाला, "इतके?" त्यानं पुढे काही केलं असं ती म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.

मी पुष्कळ बोलले. आता चहा येतोय. चहा झाला की ज्यांनी वह्या आणल्या आहेत त्यांनी एक एक पान वाचावं. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी नुसतं ऐकावं, कुणी आग्रह करणार नाही. शुद्धलेखनावर कुणी बोलायचं नाही. आणि इथे ऐकलेलं पाड्यावर जाऊन सांगायचं नाही, हे सगळ्यांनी आधी कबूल करा. कासाकडून आलेल्या बायांना गाडी लवकर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.